पत्रांच्या दुसऱ्या टोकाला : मेणवली ते मिरज

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे खासगी कागद 'एफ ८८' या क्रमांकाखाली ठेवलेले आहेत. पुण्याचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर, काबूलच्या राज्याचा वृत्तान्त लिहिणारा आणि १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास छापणारा हा विद्वान आयुष्यभर पत्रे लिहीत राहिला. त्याच्या पिढीतले इतरही तसेच. जॉन माल्कम, टॉमस मन्रो, जेम्स ग्रँट डफ, जॉन ब्रिग्ज हे सगळे दिवसा कारभार करत, रात्री ग्रंथ लिहीत आणि दोन्हींच्या मधल्या वेळात एकमेकांना पत्रे पाठवत. ती पत्रे पुढे चरित्रांतून छापली गेली. ग्लेगने १८३० मध्ये मन्रोची, के याने १८५६ मध्ये माल्कमची, कोलब्रुकने १८८४ मध्ये एल्फिन्स्टनची, इव्हान्स बेलने १८८५ मध्ये ब्रिग्जची पत्रे लोकांपुढे आणली. ही चारही पुस्तके नायकाबद्दल प्रेम असलेल्या माणसांनी लिहिली, आणि चारहींत पत्र पाठवणारा इंग्रज मधोमध उभा आहे. ज्यांनी त्याला माहिती पुरवली, दफ्तरे उघडून दाखवली, शंकांना उत्तरे दिली, ते कडेला कुठेतरी एखाद्या नावापुरते दिसतात. हे दुसरे टोक सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, कृष्णेच्या काठाने, आजही पायाखाली येते. त्या टोकाशी ताडून पाहिल्याशिवाय विद्वानांचा हा पत्रव्यवहार अर्धाच वाचला जातो आणि अर्धा वाचल्यामुळे चुकीचा वाचला जातो, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी वाईजवळच्या मेणवलीपासून मिरजेपर्यंतचा रस्ता धरायचा.

पुण्याहून येणाऱ्याला आधी वाई लागते आणि वाईपासून जवळच कृष्णाकाठी मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा दगडी घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा पाहायला लोक येतात. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि ती वसईच्या मोहिमेनंतर इकडे आली. पण मेणवलीचे खरे धन कागदाचे होते. नानांचे खासगी दफ्तर या वाड्यात राहिले आणि पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते उजेडात आणले. त्याच्या कितीतरी आधी, १८३० च्या आसपास, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात ब्रिग्जने नानांच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद छापला होता. थोरल्या माधवरावांच्या दरबारातला १७६१ ते १७७२ चा गुप्त पत्रव्यवहारही त्याने मूळ मराठीवरून इंग्रजीत दिला. युरोपात मराठ्यांच्या कारभाराविषयी जे सुरुवातीचे भरवशाचे वाचन उपलब्ध झाले, त्यात मराठी माणसांनी मराठी माणसांना लिहिलेली पत्रे होती. ब्रिग्जचे श्रम मोठे होते, यात शंका नाही. फेरिश्त्याच्या इतिहासाचा चार खंडांतला अनुवाद १८२९ मध्ये छापणारा माणूस कष्टाला कमी नव्हता. तरीही त्याच्या हाती जो माल आला तो नानांसारख्या कारभाऱ्याने कागद जपण्याची शिस्त पाळली म्हणून आला. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा जो साठा वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये आपल्या पहिल्या खंडात छापला, तोही वाईतच सापडला होता. इंग्रज विद्वान निघून गेल्यानंतर सत्तर वर्षांनी या गावाच्या माळ्यांवर इतके शिल्लक होते, यावरून ते असताना किती असेल याची कल्पना करता येते.

साताऱ्याला पोहोचण्याआधी संगम माहुली पाहून घ्यावी. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरची ही देवळे, छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या आणि रामशास्त्री प्रभुण्यांचे जन्मगाव म्हणून हे ठिकाण मराठी वाचकाला ओळखीचे आहे. ऑगस्ट १८१७ मध्ये येथे दुसरा बाजीराव आणि माल्कम यांची भेट झाली. इराणचा इतिहास लिहून युरोपात नाव मिळवलेला माल्कम पेशव्याच्या बोलण्याने द्रवला. पेंढाऱ्यांविरुद्ध पेशव्याने फौज वाढवावी, असा सल्ला देऊन तो गेला. पुण्यात बसलेल्या एल्फिन्स्टनचा पेशव्यावर काडीचा विश्वास नव्हता. तीन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. दोघेही मोठे अभ्यासक, दोघांनाही फारसी येत होती, दोघांनी दरबारात वर्षानुवर्षे काढली होती, आणि तरी एकाच माणसाविषयी दोघांचे निदान इतके वेगळे! त्या काळातली या दोघांची पत्रे शेजारी ठेवली की 'ब्रिटिशांचे पौर्वात्य ज्ञान' असा एकसंध गठ्ठा नव्हता, हे लगेच कळते. भेट कुठे झाली, भाषांतर कोणी केले, बातम्या कोण आणून देत होते, यावर ते ज्ञान ठरत होते. एल्फिन्स्टनला पुण्यातून पैसे देऊन नेमलेल्या बातमीदारांचे जाळे होते; माल्कमकडे त्या वेळी पेशव्याचा शब्द होता.

१० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने येथून जाहीरनामा काढला. पेशवाई संपली, छत्रपतींसाठी एक राज्य राखून ठेवले जाईल, असा त्याचा आशय होता. नीरेपासून वारणेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंतचे ते राज्य २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने पक्के झाले. गादीवर प्रतापसिंह बसले आणि त्यांच्या शेजारी कंपनीचा माणूस म्हणून कॅप्टन जेम्स ग्रँट आला. डफ हे नाव त्याने पुढे १८२५ मध्ये स्कॉटलंडमधली मालमत्ता वारशाने मिळाल्यावर जोडले. राजा पंचवीस वर्षांचा, एजंट अठ्ठावीस वर्षांचा. १८२२ मध्ये राज्यकारभार राजाच्या हाती सोपवून ग्रँट प्रकृतीच्या कारणाने साताऱ्यातून गेला. ही चार वर्षे मराठ्यांच्या इतिहासलेखनात निर्णायक ठरली, कारण १८२६ मध्ये लंडनमध्ये तीन खंडांत निघालेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासाचा पाया येथे घातला गेला. हे काम करताना त्याला भयंकर डोकेदुखी होती. डोक्याला ओले फडके गुंडाळून तो तासन्‌तास लिहीत बसे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पुस्तक तयार झाल्यावर मरे या प्रसिद्ध प्रकाशकाला नावच खटकले. मराठ्यांविषयी कोणाला काय माहीत आहे, त्यापेक्षा मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काही नाव द्या, असा त्याचा आग्रह होता. ग्रँट डफ बधला नाही. पुस्तक लाँगमनकडे गेले आणि लेखकाला त्यात पदरचे पैसे घालावे लागले. मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्याच नावाने छापला जावा, यासाठी नुकसान सोसणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे त्याच्यावर जे आक्षेप घ्यायचे ते या आदरासकट घेतले पाहिजेत.

त्याने इतिहास कशातून उभा केला? छत्रपतींनी आपले कागद त्याला मोकळे करून दिले. मल्हार रामराव चिटणिसांची बखर समोर होती आणि ती छत्रपतींच्याच चिटणिशी घराण्यातून आलेली होती. पेशव्यांचे दफ्तर कंपनीच्या ताब्यात आलेले होते. सुरत आणि मुंबईच्या वखारींचे जुने इंग्रजी कागद होते, गोव्याहून पोर्तुगीज कागदांच्या नकला आल्या होत्या. आणि या सगळ्यांत वाट दाखवणारी माणसे होती. त्यांतले एक नाव मराठी वाचकाला टोचणारे आहे : बाळाजीपंत नातू. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवणारा म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याचे ऋण ग्रँट डफने प्रस्तावनेत मानले आहे. कोणते घराणे कोणाचे, कोणाच्या वाड्यात कोणते कागद असतील, कोणाला कोणत्या शब्दांत विचारले म्हणजे तो दफ्तर उघडेल, हे स्कॉटलंडहून आलेल्या तरुणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते नातूंसारख्यांना ठाऊक होते. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला राजाचा पुढचा वैरी, मध्ये चिटणिसांची बखर, अशा तिघांच्या साहाय्याने हा इतिहास उभा राहिला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकच नाव आहे. पत्रे आणि प्रस्तावना वाचली की त्या नावामागचा साताऱ्याचा सगळा दरबार दिसू लागतो.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी घेतलेला आहे. या ग्रंथाचा मराठी अनुवाद कॅप्टन डेव्हिड केपनने १८३० च्या सुमारास करवून घेतला आणि शाळाशाळांतून तो 'मराठ्यांची बखर' म्हणून वाचला गेला. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी १८६० च्या दशकात, विद्यार्थिदशेत, कडक टीका लिहिली. राजवाड्यांनी पुढे त्याहून कडक लिहिली. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उत्कर्षावर ग्रंथ लिहिला, तो ग्रँट डफच्या एका उपमेला उत्तर देतच सुरू होतो. सह्याद्रीच्या रानातल्या वाळल्या गवताला आग लागावी तशी मराठ्यांची सत्ता भडकली, अशी ती उपमा. रानड्यांचे म्हणणे असे की हा अपघात नव्हता, संतांनी आणि समाजाने शतकभर घातलेला तो पाया होता. रानड्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण साताऱ्याच्या डोंगरांवर फाल्गुन-चैत्रात वणव्याच्या लालसर रेषा चढताना दिसतात, तेव्हा ही उपमा कुठून आली तेही कळते. ग्रँटने चार उन्हाळे हे पाहिले होते. तो डोंगर पाहत होता, किल्ले पाहत होता, लढाईचे कागद वाचत होता. तुकोबांचे अभंग त्याच्या दफ्तरात नव्हते, कारण दफ्तर उघडून देणाऱ्यांनी त्याला जे दाखवले ते राज्यकारभाराचे आणि घराण्यांच्या हक्कांचे होते. ग्रंथातली उणीव अशी त्याच्या माहितीच्या वाटांपर्यंत मागे नेता येते. म्हणून, ग्रँट डफ पक्षपाती होता तर त्याची पत्रे कशाला वाचायची, या प्रश्नाला माझे उत्तर असे की पक्षपात कुठून आत शिरला हे ग्रंथ सांगत नाही, पत्रव्यवहार सांगतो.

मात्र या उत्तरात एक मोठे खिंडार आहे आणि ते झाकता येणार नाही. ग्रँट डफने आपण वापरलेल्या मराठी कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे तळटीपांत वारंवार म्हटले आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८९० च्या दशकात शोध घेतला तेव्हा त्या तेथे नव्हत्या. त्या जाळल्या गेल्या, असाही प्रवाद महाराष्ट्रात फिरत राहिला. कसेही असो, ज्या नकलांवरून प्रत्येक विधान तपासता आले असते त्या गेल्या. इंग्रजी पत्रे टिकली आणि मराठी नकला हरवल्या, ही असमानता या साऱ्या पत्रव्यवहारावर पसरलेली आहे. चरित्रकारांनी नायकाचे पत्र ठेवले, त्याला आलेले मोडी उत्तर ठेवले नाही. संग्रहांच्या सूचीही तशाच झाल्या. लंडनची सूची एल्फिन्स्टनच्या नावाने, इकडची 'पटवर्धन दफ्तर', 'मेणवली दफ्तर' अशी घराण्यांच्या नावाने. आणि दोन्ही सूचींत एकमेकींचा उल्लेख नाही.

साताऱ्यात राजवाड्यासमोर उभे राहिले की हा पत्रव्यवहार किती जिवावरचा होता ते समजते. प्रतापसिंहांनी शहरात रस्ते केले, पाणी आणले, शाळा काढली, छापखाना घातला. एल्फिन्स्टनने साताऱ्याला भेट दिली तेव्हा त्याला सर्वांत जास्त आवडली ती राजाची लिहिण्याची खोली. गच्चीवर उघडणारी लहानशी साधी खोली, लिहिण्याचे मेज, खुर्ची. तेथे शिवाजी महाराजांचा वंशज स्वहस्ते पत्रे आणि रोजनिशी लिहीत बसतो, याचे त्याने आपल्या नोंदीत कौतुक केले आहे. राजा कारकुनाइतके काम करतो, याचे या इंग्रजांना अप्रूप होते. माल्कम गव्हर्नर असताना, १८२९ मध्ये, प्रतापसिंहांनी खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वरचा डोंगर दिला आणि तेथल्या बाजाराला माल्कमपेठ हे नाव मिळाले. म्हणजे विद्वान-मुत्सद्दी आणि राजा यांच्यात केवळ हुकमाचे नाते नव्हते, लिहिणाऱ्याचे लिहिणाऱ्याशी असते तसे काही होते. आणि मग त्याच लिहिण्यावरून राजा गेला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी संधान बांधले, पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवले, असे आरोप झाले. पुराव्यात शिक्क्याची पत्रे पुढे आली आणि त्यांच्या खरेखोटेपणावर लंडनमध्ये वर्षानुवर्षे वाद झाला. सप्टेंबर १८३९ मध्ये राजाला पदच्युत करून काशीला पाठवले गेले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला.

आता दुसरा आक्षेप : ही पत्रे राजकारणाची आहेत, त्यांत विद्वत्ता कसली? राज्य करण्यासाठी गोळा केलेल्या माहितीला ज्ञान म्हणून गौरवावे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. घराण्यांच्या वंशावळी, जहागिरींच्या सनदा, जमिनीच्या नोंदी यांचा अभ्यास इंग्रजांनी केला तो महसूल आणि सत्ता यांच्यासाठीच; पुढे इनाम कमिशनने त्याच प्रकारच्या कागदांवरून हजारोंचे वतन तपासले. पण सातारा प्रकरणात या माणसांची पत्रे एका बाजूची राहिली नाहीत, हा पुरावाही तितकाच ठळक आहे. ग्रँटनंतर साताऱ्याचा रेसिडेंट झालेला ब्रिग्ज लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रतापसिंहांच्या बाजूने उभा राहिला. निवृत्त एल्फिन्स्टनला पुढे सातारा खालसा झाल्याचे ऐकून धक्का बसला, हे त्याच्या चरित्रात आले आहे. ज्यांनी राजाला जवळून वाचले होते त्यांची मने सरकारी निकालाशी जुळली नाहीत. आणि त्यांच्यापेक्षा मोठा पत्रलेखक या प्रकरणात एक मराठी माणूस ठरला. रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत राजाची बाजू मांडत तेथे राहिले. त्यांनी अर्ज छापले, खासदार गाठले, भागधारक गाठले, मोडीत साताऱ्याला बातम्या पाठवल्या. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९४८ मध्ये प्रतापसिंह आणि रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ब्रिग्जच्या चरित्रातली पत्रे आणि प्रबोधनकारांचा ग्रंथ एकत्र वाचावा, कारण लंडनमधल्या त्याच सभांच्या या दोन बाजू आहेत. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंती नावाचे १८५७ च्या उठावाचे स्मारक आहे. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी त्याआधीच नाहीसे झाले, ते कोणाला सापडले नाहीत. तेरा-चौदा वर्षे कंपनीच्या नियमांत राहून अर्ज लिहिणाऱ्या माणसाच्या घराचा हा शेवट पाहिला की लंडनच्या दफ्तरातला कोणताही शांत, सुबक अक्षरातला कागद वेगळा दिसू लागतो.

साताऱ्याहून कऱ्हाड सुमारे पन्नास किलोमीटर. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम सगळे पाहतात. त्याच गावाजवळच्या आगाशिवच्या डोंगरात पन्नासहून अधिक बौद्ध लेणी आहेत, तिकडे कमी जण वळतात. डोंगर चढताना खडकात लहान लहान खोल्या, काही चैत्यगृहे दिसतात; नक्षी फार थोडी, दगड खरखरीत. या लेण्यांवर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पहिले टिपण लिहिणारा बार्टल फ्रिअर. ते टिपण १८४९ च्या सुमाराचे. म्हणजे केव्हाचे ते पाहावे. ५ एप्रिल १८४८ ला प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसलेले त्यांचे बंधू शहाजी वारले, त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता, आणि फ्रिअर तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट होता. दत्तक मानावा असे त्याचे आणि गव्हर्नर क्लार्कचे मत होते. डलहौसीने राज्य खालसा केले आणि फ्रिअरच त्याचा कमिशनर झाला. खालसा झालेल्या राज्याच्या गावांतून हिंडताना त्याने लेणी टिपली. एकाच वर्षात, एकाच मेजावर, एकाच माणसाच्या हातून दोन्ही प्रकारचे कागद निघत होते. विद्वत्तेची पत्रे वेगळी आणि राज्याची पत्रे वेगळी, अशी वाटणी नंतरच्या ग्रंथपालांनी केली. आगाशिवच्या डोंगरावरून खाली पसरलेला मुलूख पाहताना तरी ती वाटणी टिकत नाही.

कऱ्हाडहून सांगली आणखी सत्तर किलोमीटर. सांगलीचे गणपती मंदिर आणि संस्थान दोन्ही चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिरजेपासून वेगळे होऊन उभे केले; १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे पहिले नाटक झाले तेही त्यांच्याच आश्रयाने. १८१९ मध्ये स्वतः कंपनीशी तह करताना तिला फौजेची चाकरी देण्यापेक्षा मुलूख तोडून देणे त्यांनी पत्करले. दक्षिणेतल्या जहागीरदारांविषयी मन्रो आणि एल्फिन्स्टन यांच्यात जो विचारविनिमय झाला त्यात पटवर्धन हा एक सोडवायचा प्रश्न आहे. पुढे कॅप्टन वेस्टने १८६९ मध्ये दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांचा वृत्तान्त सरकारसाठी लिहिला. त्यातही संस्थाने बाहेरून, हिशेबाच्या नजरेने दिसतात. उलट बाजू मिरजेत आहे.

मिरज हे या वाटेवरचे सर्वांत समृद्ध ठिकाण, आणि याचे कारण तीन साधने : एक ताम्रपट, एक वृत्तान्त आणि एक पत्रव्यवहार. मिरजेत सापडलेला चालुक्य राजा दुसरा जयसिंह याचा शके ९४६ चा ताम्रपट वॅथनने १८३० च्या दशकात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला आणि पुढे फ्लीटने तो नव्याने वाचला. फ्लीटसारख्यांच्या नावाखाली हे वाचन इतके घट्ट बसले आहे की त्यात आपली माणसे नव्हती असे वाटावे. पण साताऱ्याचा विष्णुवर्धनाचा ताम्रपट प्रथम वाचणारे बाळशास्त्री जांभेकर होते, फ्लीट त्यांच्यानंतर कित्येक वर्षांनी त्याकडे वळला. जांभेकर १८४६ मध्ये वारले. वय उणेपुरे चौतीस. ते आणखी तीस वर्षे जगते तर दक्षिणेतल्या कोरीव लेखांचा इतिहास कोणाच्या नावाने ओळखला गेला असता, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

वृत्तान्त एडवर्ड मूरच्या वाट्याचा. 'हिंदू पँथिऑन' या १८१० च्या ग्रंथामुळे युरोपभर गाजलेला मूर तरुणपणी कॅप्टन लिटलच्या तुकडीत होता, आणि ती तुकडी टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर चालत होती. हिंदू देवदेवतांवर पुढे लिहिणाऱ्या या माणसाने मराठी माणसे, छावण्या, बाजार, सण पहिल्यांदा सविस्तर पाहिले ते या पटवर्धन सरदाराच्या लष्करात. १७९४ मध्ये त्याने या मोहिमेचा वृत्तान्त छापला. धारवाडचा वेढा सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत चालला. मूर लिहितो की मराठ्यांचे गोलंदाज तोफ भरत, मग अर्धा तास बसून गप्पा मारत, तंबाखू ओढत, मग बार काढत. दुपारी जेवणासाठी दोन्ही बाजू जणू ठरवून थांबत. हा उतारा नंतरच्या इंग्रजी पुस्तकांत पुन्हापुन्हा आला आणि मराठी लष्कराच्या सुस्तपणाचा दाखला बनला.

पत्रव्यवहार मिरजेच्याच शाळेतल्या एका शिक्षकाने बाहेर काढला. वासुदेव वामनशास्त्री खरे मिरज हायस्कुलात संस्कृत शिकवत. त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली हजारो मोडी पत्रे वाचली, लिप्यंतर केली, कालक्रमाने लावली, मधले दुवे जोडणाऱ्या प्रस्तावना लिहिल्या आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. १९२४ मध्ये ते वारले तोपर्यंत बारा भाग निघाले होते. पुढचे त्यांच्या मुलाने काढले. सरकारी नेमणूक नाही, सोसायटीचे पाठबळ नाही, वर्गणीदारांच्या भरवशावर चाललेले हे काम मी ब्रिग्ज किंवा ग्रँट डफच्या कामाच्या वर ठेवतो, कारण खऱ्यांनी मूळ पत्र जसेच्या तसे वाचकापुढे ठेवले. ग्रँट डफच्या नकला हरवल्यानंतर कोणाला काही तपासता आले नाही. खऱ्यांचे प्रत्येक विधान त्याच पानावरच्या पत्राशी ताडता येते. आणि या पत्रांतली मोहीम मूरच्या मोहिमेपेक्षा फार निराळी आहे. तेथे रोजमुरा थकलेला आहे, सावकाराचे कर्ज आहे, दाणावैरणीची चिंता आहे, दारूगोळा पुरवून वापरायचा आहे, पुण्याहून हुकूम येतात आणि पैसा उशिरा येतो. ज्या सरदाराला प्रत्येक गोळ्याचा हिशेब द्यायचा आहे त्याची तोफ अर्ध्या तासाने उडते, यात आळसाखेरीज आणखी कारणे असू शकतात. मूर खोटे लिहीत नव्हता. बॅटरीतून जे दिसते ते त्याने लिहिले. खजिन्यातले त्याला दिसत नव्हते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. इंग्रजी चरित्रे, नियतकालिके, खऱ्यांचे भागसुद्धा आता संगणकावर मिळतात, मग ही वाट तुडवायची कशाला? जे मिळते ते जरूर घरी बसून वाचावे. पण संगणकावर 'परशुरामभाऊ' शोधले तर मूर सापडत नाही, कारण त्याने नाव आपल्या कानाने ऐकले तसे, वेगळ्याच अक्षरांत लिहिले आहे. आणि मूर शोधला तर खरे सापडत नाहीत. दोन्ही दफ्तरे जोडायला आज तरी गाव हाच दुवा आहे. माहुलीला गेलेला माणूस माल्कम आणि बाजीराव दोघांनाही शोधतो, मिरजेला आलेला मूर आणि भाऊ दोघांनाही. पारसनिसांनी साताऱ्यात हेच करायचा प्रयत्न केला होता : कागद, चित्रे, इंग्रजी आणि मराठी दोन्ही साधने एका छताखाली. त्यांच्या संग्रहालयाचा मोठा भाग १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो सुरक्षित राहिला आणि अनेक अभ्यासकांच्या उपयोगी पडला, पण सातारा-सांगलीतल्या विद्यार्थ्याला आपल्याच गावचे कागद पाहायला पुण्याला जावे लागू लागले. या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी मोडी शिकवण्याचे वर्ग वाढवावेत आणि एकेक घटना निवडून तिची इंग्रजी आणि मोडी पत्रे तारखेवार एकत्र छापावीत. धारवाडच्या वेढ्यापासून सुरुवात करता येईल : एका बाजूला मूरचा वृत्तान्त, दुसऱ्या बाजूला खऱ्यांनी छापलेली भाऊंच्या छावणीतली पत्रे. दोन्ही साधने छापील आहेत, दोन्ही उपलब्ध आहेत.